आणि ते ‘नाही’ म्हणाले तर?

ताई, नमस्कार.

माझं वय ३६. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते, घरूनच. काम चांगलं असतं असं लोक म्हणतात, पण ते कसं होतं हे कुणाला माहीत नाही. दहा दिवसांचं काम नऊ दिवस नुसतं डोक्यावर घेऊन फिरते आणि शेवटच्या रात्री जागून संपवते. दर वेळी शपथ घेते, पुढचं काम पहिल्या दिवसापासून. दर वेळी तेच. घरात मला ‘आरंभशूर’ म्हणतात. गिटार, विणकाम, एक परकी भाषा, दोन ऑनलाइन कोर्स, सगळं हौसेने सुरू केलेलं आणि सोडलेलं. कुणी बोलत असलं की मी मान हलवते आणि मन भलतीकडेच असतं. किल्ल्या, चष्मा, फोन शोधण्यात आयुष्य किती गेलं ते विचारू नका.

चार महिन्यांपूर्वी एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराबद्दल, वाचलं आणि अंगावर काटा आला. नेटवरची सहा प्रश्नांची चाचणी दिली, सहापैकी सहा. एका मानसशास्त्रज्ञांची वेळ घेतली. पहिली अपॉइंटमेंट हुकली. दुसरी मीच रद्द केली. तिसरी तीन आठवड्यांनी आहे. लहानपणी मला ओळखणाऱ्या कुणाशी तरी बोलावं लागेल असं त्यांनी कळवलंय. आईला विचारलं तर म्हणाली, ‘तू तर इतकी शांत होतीस, तासन्तास एका जागी बसायचीस. तुला कसला आलाय आजार!’ नवरा म्हणतो, हे सगळ्यांनाच होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून झोपही धड नाही. कधी वाटतं, हे सगळं त्याचंच असेल.

खरं सांगू? तपासणीची भीती नाही वाटत. ते ‘तुम्हाला असं काही नाही’ म्हणाले तर काय, याची वाटते. मग मी नुसती आळशीच उरते ना?

— आरंभशूर

*

प्रिय आरंभशूर,

शेवटून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं पत्र त्या शेवटच्या ओळीसाठीच लिहिलेलं आहे.

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे, म्हणजे तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसते. मोठ्या वयात या तपासणीला येणारी माणसं पुष्कळदा आरोपीसारखी आत येतात. आज निकाल लागणार, एक तर निर्दोष नाही तर आळशी. दुसरी अपॉइंटमेंट तुम्ही का रद्द केलीत, हे मला त्यावरून कळलं. निकाल ऐकण्यापेक्षा खटला लांबलेला बरा, असं मनाने ठरवलं असणार.

पण तुमच्या मनातल्या या कोर्टात जी दोन कलमं आहेत, त्यातलं एक आमच्याकडे नाहीच. मानसिक विकारांच्या वर्गीकरणाची दोन मोठी पुस्तकं जगभर वापरतात. एक अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचं डीएसएम, दुसरं जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी. दोन्ही जाडजूड आहेत. ‘आळस’ नावाचं निदान एकातही नाही. तुम्हाला एडीएचडी नसेल, तर मानसशास्त्रज्ञांपुढे पुढचा प्रश्न उभा राहतो तो असा: मग ही बाई दर कामाच्या शेवटच्या रात्री जागते कशामुळे? म्हणजे ‘नाही’ म्हटल्यावर शोध संपत नाही, दिशा बदलते. याकडे मी पुन्हा येईन. आधी त्या खोलीत काय होतं ते सांगते, कारण अर्धी भीती ते माहीत नसल्याची असते.

खरं तर फारसं काही होत नाही. बोलणं होतं. एडीएचडी दाखवून देईल अशी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही, आणि ‘अमुक गुण पडले म्हणजे आहेच’ अशी एखादी चाचणीही नाही. मुख्य साधन म्हणजे सविस्तर मुलाखत. ती एका बैठकीत उरकत नाही, बहुधा दोन-तीन लागतात. सोबत प्रश्नावल्या असतात, तुमच्यासाठी आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसासाठी. काही ठिकाणी लक्ष आणि स्मरण मोजणाऱ्या चाचण्याही घेतात.

मुलाखतीत तपासणारी व्यक्ती मनाशी काही गोष्टी पडताळत असते. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत, जी २०१३ साली आली, लक्षणांचे दोन गट आहेत: एक अवधानाचा, दुसरा अतिचंचलता आणि उतावळेपणाचा. प्रत्येकात नऊ लक्षणं. मुलांमध्ये एखाद्या गटातली निदान सहा दिसावी लागतात, सतरा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्यांसाठी पाच पुरतात. ती सहा महिने तरी टिकलेली हवीत, त्यांतली काही वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसलेली हवीत, आणि एकाच ठिकाणी नव्हे तर आयुष्याच्या दोन किंवा अधिक कप्प्यांत हवीत. (तुम्ही घरूनच काम करता, म्हणून गोंधळू नका. कप्पे म्हणजे खोल्या नव्हेत. काम एक, घरचा कारभार दुसरा, मैत्री आणि नाती तिसरा.) त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर नुकसान होत असायला हवं. आणि शेवटची अट, जी सगळ्यांत कस पाहते: हे सगळं दुसऱ्या कशाने जास्त नीट समजावता येत नसलं पाहिजे.

नेटवरच्या चाचणीत हे काहीच नव्हतं. तुम्ही सोडवलीत ती बहुधा एएसआरएस नावाच्या प्रश्नावलीचा पहिला भाग असणार. ती जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार झाली आणि २००५ साली प्रसिद्ध झाली. पूर्ण अठरा प्रश्नांची आहे, त्यातले पहिले सहा चाळणीसाठी. सहापैकी चार ठिकाणी खूण ठरलेल्या रकान्यात पडली तर ‘नीट तपासून घ्यावं’ एवढाच त्याचा अर्थ होतो. तुमच्या सहाचाही अर्थ तेवढाच. महिनाभर धड न झोपलेला माणूस, काळजीने पोखरलेला माणूस, नैराश्यातला माणूस यांच्याही खुणा त्याच रकान्यांत पडू शकतात. चाचणी वाईट नाही, तिचं काम दारापर्यंत आणून सोडण्याचं आहे आणि ते तिने केलं.

आता तयारी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक इथेच चुकतात, आणि हुशार लोक हमखास चुकतात.

तुमच्यासारखी वाचणारी माणसं येताना निष्कर्ष घेऊन येतात. ‘माझं एक्झिक्युटिव्ह फंक्शन कमकुवत आहे. मला हायपरफोकस होतो. टाइम ब्लाइंडनेस आहे.’ शब्द बरोबर असतात, पण त्यांचं मी काय करू? ते तुमच्या वाचनाबद्दल सांगतात, तुमच्याबद्दल नाही. शिवाय यातला हायपरफोकस, म्हणजे एकाच गोष्टीत पार बुडून जाणं, ज्यावर सगळे इतकं बोलतात, डीएसएमच्या अठरा लक्षणांत नाहीच. थोडक्यात, बखर लिहून आणू नका, टिपणं आणा. बखरीत शेवट आधी ठरलेला असतो आणि प्रसंग त्याला जुळवून घेतलेले असतात. टिपणात नुसतं घडलेलं असतं.

‘मी चालढकल करते’ हे बखरीतलं वाक्य झालं. टिपण असं असतं: ‘मंगळवारी सकाळी फाइल उघडली. पहिल्या परिच्छेदात एका सुट्या भागाचं नाव अडलं. ते शोधायला गेले. त्या यंत्राचा इतिहास वाचत बसले, मग ते यंत्र बनवणाऱ्याचं चरित्र. दुपारी अडीच वाजले होते. फाइलमध्ये चार ओळी.’ हे ऐकलं की मला विचारायला दहा प्रश्न मिळतात. वेळ गेला हे कधी कळलं? मधे उठायची इच्छा झाली का? फाइलकडे परत जाताना पोटात गोळा आला का? हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. भीतीने टाळलेलं काम आणि हातून निसटलेलं काम बाहेरून अगदी सारखं दिसतं, आतून वेगळं असतं. कुणाकुणाचं दोन्ही असतं, कारण वर्षानुवर्षं निसटत आलेल्या कामाची शेवटी भीती बसतेच.

तर तीन आठवडे एक वही किंवा फोनमधली एक नोंद ठेवा. रोज लिहायचा संकल्प करू नका, तुम्ही आरंभशूर आहात, चौथ्या दिवशी वही हरवेल आणि मग त्याचंही वाईट वाटेल. आठवेल तेव्हा एक प्रसंग, तीन-चार ओळी. दहा-बारा झाले तरी पुष्कळ. त्यात चांगले दिवसही येऊ द्या. काय जमलं आणि कशामुळे जमलं, हेही तेवढंच कामाचं असतं.

दुसरं, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय: ‘ते कसं होतं हे कुणाला माहीत नाही.’ तिथे ते माहीत होऊ द्या. तुम्हाला विचारतील, कामं वेळेवर देता का? आणि तुम्ही प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणाल. तेवढ्यावर थांबलात तर कागदावर एक व्यवस्थित बाई उभी राहील जिला काहीच झालेलं नाही. ‘हो’च्या पुढचं सांगा: किती रात्री जागून, कुणाशी भांडून, कोणती कामं नाकारून, किती वेळा खोटं कारण देऊन मुदत वाढवून. नुकसान म्हणजे दर वेळी नापास होणं किंवा नोकरी जाणं नसतं. जे इतरांना चार तासांत होतं त्यासाठी कुणी चौदा तास मोजत असेल, तर फरकाचे दहा तास हे नुकसानच.

त्या दिवशी शहाण्यासारखं वागू नका, असंही मी आपल्या माणसाला सांगेन. लोक काय करतात, तर आयुष्यात पहिल्यांदा सगळे कागद फाइलला लावून, दोन गजर लावून, वेळेआधी वीस मिनिटं येऊन बसतात आणि तासभर निश्चल बसून मुद्देसूद उत्तरं देतात. नंतर घरी जाऊन दिवसभर पडून राहतात. तो पडून राहण्याचा भाग आम्हाला दिसत नाही. उलट टोकही नको, मुद्दाम पाय हलवत बसायची गरज नाही. प्रश्न मधेच ऐकायचा राहिला तर मान हलवू नका, ‘माझं लक्ष गेलं, परत विचारा’ म्हणा. मी तर अशा वाक्याने सुखावते. अख्ख्या मुलाखतीतली ती सगळ्यांत खरी नोंद असते.

संगणकावर लक्षाची चाचणी घेतली आणि ती उत्तम गेली, तरी खचू नका. पडद्यावर ठरावीक अक्षर आलं की बटण दाबायचं, पंधरा-वीस मिनिटं तेच, अशा धर्तीच्या त्या चाचण्या असतात. नवी जागा, शांत खोली, शेजारी निरीक्षक. यात पुष्कळांना जमून जातं, आणि घरी वीजबिल तीन महिने उघडलेलं नसतं. या चाचण्यांचे आकडे चित्रात भर घालतात, एकटे निर्णय देऊ शकत नाहीत. बुद्ध्यांकाचंही तसंच. तो जास्त आला म्हणून एडीएचडी नाही असं होत नाही आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या कमी-जास्त गुणांवरून एडीएचडी आहे असंही ठरत नाही.

आता आई.

आईचं वाक्य तुम्ही तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला ते तसं वाटलं नाही. थोडा घोळ आपल्या भाषेचाही आहे. आपण याला मराठीत ‘अतिचंचलता’ म्हणून मोकळे झालो. त्यामुळे डोळ्यांपुढे येतो तो टेबलावरून उड्या मारणारा मुलगा. डीएसएममध्येही एके काळी तसंच होतं. १९६८ च्या आवृत्तीत या अवस्थेचं नावच बालपणातल्या अतिहालचालीवरून होतं. १९८० मध्ये पहिल्यांदा अवधान नावात पुढे आलं, तेव्हा चंचलता असलेला आणि नसलेला असे दोन प्रकारही मान्य झाले. आजच्या व्याख्येतही मुख्यतः अवधानाशी संबंधित असं एक रूप आहे. मुलींमध्ये ते बऱ्याचदा दिसतं आणि बऱ्याचदा सुटतं. कारण खिडकीबाहेर बघत तंद्रीत बसलेली मुलगी वर्गाला त्रास देत नाही. शांत मुलगी, गुणी मुलगी. शरीर बाकावर आहे म्हणून सगळे समाधानी.

म्हणून ‘मी लहानपणी कशी होते?’ असं आईला विचारू नका. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार आहे, आणि त्यात तुमच्याबद्दलची माया आहे, माहिती नाही. बारीक प्रश्न विचारा. दप्तर कोण भरायचं? हात धुऊन ये म्हटलं तर मी परत यायचे, की वाटेत कुठेतरी सापडायचे? गृहपाठाला किती वेळ लागायचा, आणि शेजारी कुणी बसलं नाही तर काय व्हायचं? शाळेतून काय काय हरवून यायचे? शिक्षक भेटले की दर वर्षी कोणतं वाक्य म्हणायचे? आणि ते तासन्तास एका जागी बसून मी करत काय होते?

यातून दोनांपैकी एक गोष्ट पुढे येण्याची शक्यता आहे. एक, काहीच न सापडणं, आणि तीही माहितीच आहे, ती लपवायची नाही. दुसरी, आई सहज सांगून जाईल, ‘अगं, दप्तर मीच भरायचे, नाही तर तू रिकामंच नेलं असतंस.’ कितीतरी मुलांची लक्षणं अशी आयांच्या हातांनी झाकलेली असतात. पाठोपाठ आठवण करणारी, हरवलेलं शोधून देणारी, आदल्या रात्री जागून प्रकल्प चिकटवणारी आई घरात असली की मूल व्यवस्थित दिसतं. आई सुटली, स्वतःचं घर, स्वतःचं काम आलं, की मग पडझड दिसायला लागते. लोकांना वाटतं, हे आत्ता सुरू झालं.

आईच्या ‘कसला आलाय आजार’मध्ये थोडी दुखावलेली आईही ऐका. मुलीत काही होतं आणि आपल्याला दिसलं नाही, हा आरोप तिला न बोलता ऐकू येतो. तिला सांगा की मी दोष शोधत नाहीये, मला आठवणी हव्या आहेत. आणखी एक, हे मी दबक्या आवाजात सांगते: एडीएचडी घराण्यातून येणाऱ्या गोष्टींपैकी आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकाचा ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिक निघतो. त्यामुळे कधी कधी आईवडिलांना मुलात काहीच वेगळं दिसत नाही, कारण त्यांचंही तस्संच होतं. ‘यात काय, मीही अशीच होते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पेन उचलते.

आईकडून फार काही मिळालं नाही तरी रस्ता बंद होत नाही. भाऊबहीण, मावशी, शाळेपासूनची मैत्रीण चालेल. आणि जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. गुण बघायला नव्हे, शेऱ्यांसाठी. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही.’ ‘धांदरटपणा टाळावा.’ ‘क्षमतेच्या मानाने कमी.’ हे शेरे ज्यांनी लिहिले त्यांना एडीएचडीचं नावही माहीत नसेल, म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची. १९९४ च्या डीएसएममध्ये लक्षणं सात वर्षांच्या आत दिसावीत अशी अट होती. २०१३ मध्ये ती बारा वर्षांपर्यंत सैल केली, कारण मोठी झालेली माणसं इतकं मागचं भरवशाने सांगू शकत नाहीत. तेव्हा पहिली-दुसरीची नाही सापडली तर चौथी-पाचवीची शोधा.

बाबांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तिथे तसं करू नका. दुःखाला तारीख असते. नैराश्यही पुष्कळदा ‘अमुक महिन्यापासून’ असं सांगता येतं. त्याआधीचा माणूस वेगळा असतो. एडीएचडीला अशी तारीख नसते, तो मागे मागे जात शाळेच्या बाकापर्यंत पोचतो. म्हणून एक साधी रेघ ओढा. बाबा जाण्याआधीच्या काळात काय काय होतं आणि नंतर काय नवं आलं किंवा वाढलं. गिटार कधी सुटली, पहिली रात्र जागून काम कधी झालं, झोप कधी बिघडली. उदास मन मागे वळून पाहतं तेव्हा त्याला सगळंच पहिल्यापासून वाईट दिसतं, तेव्हा शक्य तिथे तारीख लावा, जुने ईमेल, जुने फोटो बघा. झोपेचा हिशोबही वेगळा लिहा. कमी झोपेने कुणाचंही लक्ष उडतं. उलट एडीएचडी असलेल्या कितीतरी जणांना रात्री लवकर झोपच येत नाही. कोंबडी आधी की अंडं, हे एका भेटीत सुटेलच असं नाही. थायरॉइड, रक्ताची कमतरता, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांची साधी वैद्यकीय तपासणी करून घ्यायला सांगितलं, तर ‘मला टाळतायत’ असं वाटून घेऊ नका. उलट असं काहीच न विचारणाऱ्या माणसाबद्दल मला शंका येईल.

त्यावरून आठवलं. तिसऱ्या भेटीआधी फोन करून काही गोष्टी विचारून घ्यायला हरकत नाही. तुम्ही प्रौढांची तपासणी करता ना? किती भेटी लागतील? एडीएचडीखेरीज आणखी काय काय पाहता? शेवटी लेखी रिपोर्ट मिळेल का, आणि तो समजावून सांगाल का? पुढे औषधाचा विचार झालाच तर कुणाकडे पाठवता? कारण मानसशास्त्रज्ञ तपासणी करतात, थेरपी देतात, पण बहुतेक ठिकाणी औषध लिहून देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. तुमच्या मानसशास्त्रज्ञांनी लहानपणच्या माणसाशी बोलायचं आपणहून कळवलंय, हे मला चांगलं लक्षण वाटतं. दोन प्रकारच्या लोकांपासून मात्र जपा. एक, जे पंधरा मिनिटांत फॉर्म भरून घेऊन ‘आहे’ म्हणतात. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट म्हटलंय की केवळ प्रश्नावलीवरून हे निदान करू नये. दुसरे, जे पाच मिनिटांत ‘तुमचं शिक्षण झालंय, काम चाललंय, तुम्हाला कसला एडीएचडी’ म्हणतात. पहिल्यांना लोक नावं ठेवतात. माझा राग दुसऱ्यांवर जास्त आहे, कारण त्यांच्याकडून परतलेली माणसं पुन्हा दहा-दहा वर्षं कुठे जात नाहीत.

नवऱ्याचं म्हणणं, ‘हे सगळ्यांनाच होतं’, यात तथ्य आहे. रक्तदाबही सगळ्यांनाच असतो. एका मर्यादेपलीकडे गेला की आपण त्याला आजार म्हणतो. अवधानाचंही तसंच, कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत असलेली गोष्ट. एडीएचडी प्रौढांत शंभरात दोन-तीन जणांना असल्याचं अभ्यासांत दिसतं, आणि किल्ल्या हरवणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. तुम्ही त्या दोन-तीनांत आहात की उरलेल्यांत, हेच बघायला जायचंय. नवऱ्यालाही प्रश्नावली भरायला देतील, तेव्हा त्यांचं मत नव्हे, त्यांनी पाहिलेलं लिहू दे. तुमच्यादेखत भरायला लावू नका.

उत्तराचं बोलू. ते बहुधा तीनांपैकी एक असेल.

‘हो’ आलं, तर बहुतेकांना आधी हायसं वाटतं आणि मग काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, राग येतो. गेलेल्या वर्षांचा. त्याला जागा द्या. औषधं आहेत, मिथिलफेनिडेटसारखी उत्तेजक आणि ॲटोमॉक्सेटिनसारखी वेगळ्या जातीची. ती सुरू करण्याआधी हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास, रक्तदाब, नाडी बघतात. घ्यायचीच असा नियम नाही. कामाची आणि घराची मांडणी बदलणारी वर्तनोपचाराच्या धर्तीची थेरपीही आहे, ती औषधासोबत किंवा एकटी घेता येते. कुणाची तरी गोळी घेऊन ‘बघू गुण येतो का’ हा प्रयोग मात्र करू नका. धोका आहे तो आहेच, शिवाय त्यातून काही सिद्धही होत नाही. उत्तेजक औषधाने एडीएचडी नसलेल्यांनाही जास्त सावध वाटू शकतं. आणि ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्या दिवशी फाइल आपोआप उघडत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. काहींची त्या आठवड्यात फार निराशा होते.

‘आत्ताच सांगता येत नाही’ हे उत्तर लोकांना सगळ्यांत जास्त चिडवतं, आणि तुमच्या बाबतीत त्याची शक्यता बरीच आहे. शोक आणि बिघडलेली झोप समोर उभी असताना मागचं नीट दिसत नाही. ‘आधी झोप आणि मनःस्थिती सावरू, सहा महिन्यांनी पुन्हा बघू’ असं कुणी म्हणालं तर ती टाळाटाळ नसेल. फक्त ‘पुन्हा’ची तारीख तिथेच लिहून घ्या. मोघम ठेवली तर ती कधीच येणार नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

आणि ‘नाही’. तुम्हाला ज्याची भीती आहे ते. समजा आलं. तर उठू नका, विचारा: मग हे कशाने होतंय असं तुम्हाला वाटतं? कोणता निकष जुळला नाही? लहानपणचा पुरावा मिळाला नाही, की दुसरं कारण जास्त चपखल बसलं? या दोन ‘नाहीं’मध्ये पुष्कळ अंतर आहे. पहिल्यात आणखी कागद, आणखी माणूस सापडला तर चित्र बदलू शकतं. दुसऱ्यात तुमच्या हाती एक नवं नाव येतं, आणि चिंतेवर, नैराश्यावर, झोपेवर उपचार होतात. उत्तर पटलं नाही तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या. एकदा. ‘हो’ मिळेपर्यंत दारं वाजवत राहिलात तर कुठेतरी ते मिळेलही, पण तोवर ते तुमच्या काही उपयोगाचं राहिलेलं नसेल.

यापैकी काहीही आलं तरी, ज्या बाईने दर महिन्याला एक रात्र जागून शब्द दिलेलं काम पुरं केलं तिला आळशी म्हणायला मला तरी जीभ रेटत नाही. आळशी माणूस नऊ दिवस काम डोक्यावर घेऊन फिरत नाही हो. तो निवांत झोपतो.

तिसऱ्या भेटीची वेळ नवऱ्याच्याही फोनमध्ये टाकून ठेवा, आदल्या रात्री कामाची मुदत येणार नाही असं बघा. आणि पहिली अपॉइंटमेंट नेमकी कशी हुकली, ते तुम्ही मला लिहिलं नाहीत. किती वाजताची होती, त्या सकाळी तुम्ही काय करत होतात, आणि ती गेली हे कधी लक्षात आलं. तेवढं आज झोपण्याआधी लिहून काढा. तीन आठवड्यांनी आठवणार नाही.

तुमची,
ताई